बरण्या

नॉर्मन अटलीच्या खोलीत, खिडकीच्या कठड्यावर
जॅमच्या सत्तेचाळीस बरण्या आहेत.
प्रत्येकीत पाणी, प्रत्येकीवर तारीख.
(त्याआधीच्या बहिणीनं कांद्याच्या लोणच्याला नेल्या.)
धरणाच्या पायथ्याशी जे झिरपतं
ते तो महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भरतो
आणि अंडं दिव्यापुढे धरावं तसं
उजेडात धरून बघतो.
"गळू दे," म्हणतो, "गळण्याचं काही नाही.
गढूळ गळलं, की मला उठवा."

एकतिसावी गढूळ होती.
तळाशी नखाएवढा थर,
चहात बिस्कीट विरघळून राहावं तसा.
म्हणून मी यॉर्कशरच्या या माळावर,
पिवळं जाकीट, एक नंबर मोठे बूट,
आणि मेंढ्या, ज्यांना माझं काहीच पडलेलं नाही.

आमच्याकडे म्हणतात, कुठंतरी पाणी मुरतंय.
हे वाक्य मी जन्मभर माणसांबद्दल ऐकलं,
सोसायटीच्या हिशेबाबद्दल,
धाकट्या आत्याच्या दुसऱ्या लग्नाबद्दल.
पाण्याबद्दल इथेच पहिल्यांदा खरं ठरलं
आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं.
अहवालात लिहिलं:
पायाखालून गळती. मार्ग अज्ञात.

धरण दीडशे वर्षांचं.
पोटात चिकणमातीची भिंत, जड बुटांनी
थरावर थर तुडवलेली.
जुन्या नकाशात खंदकाच्या खोलीपुढे
सुबक तिरक्या अक्षरात एकच शब्द: खडकापर्यंत.
आम्ही छिद्र पाडलं. तिथे खडक नव्हता.
कुजका शेल होता, बोटांत चुरणारा.
पैसे संपले असतील. थंडी पडली असेल.
किंवा मुकादम म्हणाला असेल, लागला, लागला, चला.
मलाही कधी कधी संध्याकाळी पाचच्या सुमारास
खडक लागल्यासारखा वाटतो.

मग रंग सोडला, पोपटासारखा हिरवा.
नॉर्मन पायथ्याशी खुर्ची टाकून बसला,
मांडीवर थर्मास.
दोन दिवस काही नाही.
तिसऱ्या दिवशी मॉरीन थॅकरेचा फोन,
खालच्या गावातून, पबमधून:
तळघरात बिअरच्या पिंपांखाली
हिरवं डबकं साचलंय, हे तुमचं का?
अकरा वर्षं ती त्या ओलीसाठी
मेलेल्या नवऱ्याच्या नळजोडणीला शिव्या देत होती.
जिन्यावर बसली थोडा वेळ.
"बिचारा रॉय," म्हणाली.
त्या दिवशी आमचं बिल लावलं नाही.

मग सिमेंट आणि बेंटोनाइट कालवलं,
पिठल्याइतकं घट्ट नाही, ताकाइतकं पातळ नाही.
हळू ढकलायचं. जोर केला
तर ज्याला वाचवायचं तेच चिरतं.
चौदाव्या छिद्रानं एकशे नव्वद पोती खाल्ली.
ड्रिलर वेन पंपावर हात ठेवून उभा,
म्हशीच्या पोटावर ठेवावा तसा.
(म्हैस त्यानं पाहिली नसेल. मी पाहिली आहे.)
काटा हलेना. पाऊस आडवा. सँडविच ओलं.
एकशे एक्याण्णवाव्या पोत्याला काटा
थरथरला, चढला, थांबला.
वेन काही बोलला नाही. फक्त हात काढला.

तळघर वाळलं.
पायथ्याशी अजून येतं, मिनिटाला तीन लिटर.
कंत्राटदाराला तेही बुजवायचं होतं.
नॉर्मन लव्हाळ्यात उभा राहून म्हणाला,
ज्यातून काहीच येत नाही
त्याच्याखाली मी झोपणार नाही.
मी सही केली: राहू द्यावी, मोजत राहावी.

सत्तेचाळिसावी बरणी त्यानं माझ्याकडे दिली.
मी उजेडात धरली.
पलीकडची मेंढी उलटी, स्पष्ट, चघळत होती.
चिठ्ठीवर सवयीनं तारीख लिहिली गेली
आमच्या आकड्यांत, ५ आणि ८ आणि ४.
नॉर्मननं चष्मा वर करून वाचली,
बरणी जरा फिरवली,
आणि इतरांच्या रांगेत ठेवली.